ब्रेकमधलं हळदीचं तूप

मित्रांनो, बापूरावांच्या गोठ्यात शेवटच्या बैलाच्या पलीकडे हिरव्या रंगाचं काहीतरी उभं आहे, तिकडे जरा बघा. रंगाचे पोपडे निघालेत, एक दिवा काणा झालाय आणि मागच्या बाकावर बहुतेक वेळा कोंबडी बसलेली असते. लाजायचं कशाला? मी एक जुनी जीप आहे. माझी गोष्ट सांगायची म्हणजे माझ्या ब्रेकची गोष्ट सांगायची, आणि ब्रेकची सांगायची तर मनकर्णाबाईंची सांगावीच लागते. आमचं तिघांचं असं झालंय, की एकाला वगळून दुसऱ्याबद्दल काही बोलताच येत नाही.

कारखान्यात पत्र्याला पत्रा जोडून मला उभं केलं, तेव्हा सगळे कौतुक करायचे ते माझ्या इंजिनाचं. इंजिन सुरू झालं की लोक टाळ्या वाजवायचे. ब्रेक लागला म्हणून टाळ्या वाजवणारा मला तरी कोणी भेटला नाही. त्यामुळे मलाही वाटायचं, आपला जन्म पळण्यासाठीच आहे. थांबणं म्हणजे काय, ते तर कोणालाही जमतं!

सुरुवातीची वर्षं एका सरकारी कचेरीत गेली. साहेब मागे, ड्रायव्हर पुढे आणि धूळ सगळीकडे. मग कचेरीत नवी गाडी आली आणि माझा वर्ध्यात लिलाव झाला. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. मला घेतलं पिंपळझरीच्या बापूरावांनी. कापूस आणि तूर पिकवणारा हा गडी आवाजाने मोठा, रागाने त्याहून मोठा, पण उन्हात ठेवलेल्या गुळासारखा चटकन विरघळणारा.

मोठ्या ऐटीत मी पिंपळझरीत शिरले. दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. ही बापूरावांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून त्या माहेरीच राहत. घर बापूरावांचं असलं तरी गोठा बाईंचा होता. कोणता बैल कोणत्या कुशीवर बसतो आणि कोणत्या गाईला कोणाचा हात चालत नाही, ते त्यांनाच विचारावं. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"हे काय आनलं बापू? ना शिंग, ना शेपूट. खाते काय हे?"

"पेट्रोल पेते बाई," बापूराव म्हणाले.

"आन् शेन देते?"

"नाई."

"मंग काय कामाची!"

झालं! माझी सगळी ऐट तिथल्या तिथे उतरली. बरेच दिवस बाई माझ्याकडे बघायच्याही नाहीत. पण एकदा त्यांची लाडकी कालवड विषारी काहीतरी खाऊन आडवी झाली. बैलगाडीने वर्ध्याला नेईपर्यंत ती जगली नसती. बापूरावांनी तिला माझ्यात घातलं, बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि मी जी सुटले ती जनावरांच्या दवाखान्याच्या दारातच थांबले. कालवड वाचली. परत आल्यावर बाईंनी माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि माझं नाव ठेवलं हरणी. त्या दिवसापासून माझी जागा गोठ्यात.

मग काय विचारता! गावात लग्न असलं की नवरदेव माझ्यात. आजारी माणूस सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचा तर माझ्यातून, आणि येताना तान्ह्या बाळाला घेऊन हसत यायचं तेही माझ्यातूनच. कापसाच्या बाजाराचे दिवस आले की मला दम खायला फुरसत नसायची. बापूराव रोज माझी काच पुसत, बॉनेट चकचकीत ठेवत, हॉर्न नीट वाजतो की नाही हे तर दिवसातून चारदा बघत. ब्रेककडे मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. तेल कमी झालं की वरून थोडं ओतायचं, झाकण लावायचं आणि निघायचं.

मित्रांनो, ब्रेकचं काम तसं साधं असतं. माणसाने पॅडल दाबलं की बुधलीतलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि चाकांना धरून ठेवतं. पाय उचलला की ते एका बारीक छिद्रातून आपल्या घरी, म्हणजे बुधलीत परत येतं. पण हे ऑइल हवेतलं पाणी हळूहळू पिऊन घेतं. म्हणून ते अधूनमधून सगळं काढून नवं भरावं लागतं. माझं कोणी कधी काढलंच नाही. आत ते काळं पडत होतं, पाणचट होत होतं, आणि बाहेर माझं बॉनेट चकाकत होतं.

असाच एक पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखून येतात. म्हणून कोमट तुपात हळद कालवायची आणि पळसाच्या पानाने ती खांद्यांवर हळूहळू चोळायची. मग बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पोळ्याला कोणी बैल जुंपत नाही. तो दिवस त्यांचा.

त्या संध्याकाळी बापूराव माझ्याकडे आले होते. ड्रायव्हरच्या पायाशी, पॅडलच्या जवळ, माझ्या तळाला एक लहान पत्र्याचं झाकण आहे. ते काढलं की खाली ब्रेक ऑइलची बुधली दिसते. बापूरावांनी बुधलीचं बूच काढून आत डोकावलं. ऑइल बरंच खाली गेलं होतं. नवा डबा आणायला म्हणून ते घरात गेले, तर ओसरीवर पाहुणे. पाहुणे म्हटल्यावर चहा आला, चहाबरोबर कापसाच्या भावाच्या गप्पा आल्या, आणि माझं बूच उघडंच राहिलं.

इकडे मनकर्णाबाई हळदीच्या तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आल्या. त्यांच्यामागे बापूरावांची लेक कोकिळा. आठ-नऊ वर्षांची ही पोर प्रश्न विचारण्यात पटाईत. बैलांचे खांदे शेकून झाले आणि कोकिळेने विचारलं, "आत्या, हरणीले नाई लावत?"

"काऊन नाई? वरीसभर ओझं तं तेबी वाहाते."

"पन पोळा तं बैलाचा असते. हरणी गाय हाय का बैल?"

बाई म्हणाल्या, "काम बैलाचं करते ना? मंग बैलच."

"आन् तिचा खांदा कुठं हाय?"

आता आली का पंचाईत! बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. "हे तं नाक झालं." चाकाकडे पाहिलं. "हे पाय." मग त्या दार उघडून ड्रायव्हरच्या जागी वाकल्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बापू पाय कुठं देते? इथं. जिथं मालकाचा जोर पडते, तोच खांदा!" त्यांनी ब्रेकच्या पॅडलवर पळसाच्या पानाने तूप चोळलं. इतकं हळुवार, इतकं मनापासून, की मला खरंच बरं वाटलं. तिथेच थांबल्या असत्या तर काय हवं होतं! पण पॅडलच्या खाली त्यांना ते उघडं तोंड दिसलं.

"अवो माय! आत तं पार कोरडं पडलं हाय. तहानली हाय वो बिचारी!" असं म्हणून त्यांनी उरलेली वाटी बुधलीत पालथी केली.

मी आतल्या आत ओरडले. पण हॉर्न माझा असला तरी वाजवणारा दुसराच लागतो ना! लोणच्याच्या बरणीला लावावं तसं बाईंनी बूच घट्ट लावलं, माझ्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "तुले बी आवतन हाय हरणे. उद्या जेवाले येजो."

पाहुणे गेल्यावर बापूराव आले. बूच लावलेलं दिसलं. आपणच ऑइल भरून लावलं असणार, असं समजून त्यांनी वरचं झाकण बसवलं आणि हात पुसत निघून गेले.

पोळ्याचा दिवस मात्र काय सांगू! मला झेंडूच्या माळा घातल्या, दिव्यांच्या वर गेरूची शिंगं काढली आणि बॉनेटवर पुरणपोळीचं ताट ठेवलं. जेवले नाही हे खरं, पण वास घेऊन घेऊन माझं पोट भरलं. दिवसभर मला कोणी जुंपलं नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हा पोरांचा पोळा. पोरं आपापले लाकडी नंदी सजवून आणतात आणि बैलांसारखेच तोरणाखाली उभे करतात. कोकिळेसाठी त्या वर्षी गावच्या सुताराने चाकांवर चालणारा, वासराएवढा नंदी केला होता. वर्ध्याला मैदानात मोठा तान्हा पोळा भरणार होता आणि तिथे सगळ्या पोरांना न्यायचं वचन मनकर्णाबाईंनी देऊन ठेवलं होतं. दुपारी जेवणं झाल्याबरोबर पोरं आणि नंदी माझ्यात कोंबले. शिंगं कुठे, शेपट्या कुठे, पाय कुणाचे, काही पत्ता लागत नव्हता. कोकिळा बाईंच्या मांडीवर पुढे बसली. गाणी म्हणत आम्ही निघालो.

गावाबाहेर पडतो न पडतो तोच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे. बापूरावांनी ब्रेक लावून सोडला, पण ऑइल परत येईना. ज्या बारीक छिद्रातून ते घरी यायचं, त्यात हळदीचा गाळ अडकून बसला होता. चाकं धरल्यासारखी झाली. बापूराव पुटपुटले, "आज काऊन जड जाऊन राह्यली हे?" आणि त्यांनी आणखी जोरात रेस दिली. मी ओढत राहिले, चाकं तापत राहिली. त्या उष्णतेने ऑइलमध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्याची वाफ झाली. मित्रांनो, तेल दाबलं तर ते पुढे सरकतं. वाफ दाबली तर ती नुसतीच दबते.

वाटेवरच्या पिपरी गावाच्या अलीकडे नाल्याचा मोठा उतार आहे. तिथे बापूरावांनी पॅडल दाबलं आणि ते थेट तळाला टेकलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. माझ्या पोटात पोरं गात होती आणि मला थांबता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पळण्याची भीती वाटली.

"पोट्टेहो, घट्ट धरा!" बापूराव ओरडले. त्यांनी गिअर खाली आणला. माझा हातब्रेक तेलावर चालत नाही, तो खसकन ओढला. आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग दिसताच माझं तोंड त्यात घातलं. फस्स करून मी अर्धी मुरमात शिरले आणि थांबले.

मग मागून एक पोर म्हणालं, "काका, अजून एक डाव!"

कोणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. बापूरावांचा उजवा गुडघा तेवढा स्टिअरिंगच्या दांड्यावर आदळला होता. ते लंगडत खाली उतरले, एकेका पोराला चाचपून पाहिलं. भीती गेली की त्यांना राग येतो. तो आला.

"उद्याच्या उद्या भंगारात! आज हे पोट्टे गेले असते. असली गाडी मले दारात नाई पाह्यजे."

"बापू, असं नको बोलू," बाई म्हणाल्या. "दुखत असन तिले कुठंतरी."

"बैल मारकुटा निघाला तं ठेवतेस का गोठ्यात?"

कोकिळा रडायला लागली. आणि मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू! भंगाराचं नव्हे. ज्यांची बारशी, लग्नं मी वाहिली, त्यांच्याच मनातून मी उतरले, याचं.

तिथून जवळच, पिपरीच्या वस्तीच्या तोंडाशी बंडूजींचं गॅरेज होतं. पोरांनी मला मुरमातून बाहेर काढलं आणि ढकलत नेलं. पुढे बाई, मागे पोरं, बाजूने दोरीला बांधलेले लाकडी नंदी खडखडत चाललेले, आणि सगळ्यांत मागे लंगडणारे बापूराव. लोक घराबाहेर येऊन हसत होते. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तं जीपचा पोळा!"

बंडूजी नुकतेच पुरणपोळीवर ताव मारून आडवे झाले होते. माणूस हुशार, पण बोलण्यात त्याहून हुशार. "वर्ध्यात जेवढे ब्रेक लागतात ना, ते या हातानं लागतात," असं ते ओळख नसलेल्यालाही सांगत. आज सणाचा दिवस, हाताखालचा माणूस गावी गेलेला, काम होणार नाही, असं त्यांनी तोऱ्यात सांगितलं. पण पोरांची रांग आणि त्यांच्या काखेतले नंदी बघून ते उठले आणि त्यांनी माझ्या तळाचं झाकण उघडलं. आत बोट बुडवलं, वास घेतला, पुन्हा वास घेतला.

"बापूराव, गाडी चालवून राह्यले का शिरा करून राह्यले? हे कोनाचं काम?"

"माझं," मनकर्णाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "खांदशेकनी केली मी तिची. घरचं तूप हाय, डालडा नाई!"

बंडूजी पोट धरधरून हसले. बापूरावांनी कपाळावर हात मारला. मग बंडूजींनी बाईंना बुधलीतलं ते तुंबलेलं छिद्र दाखवलं, तुपाने फुगलेले रबराचे वायसर हातात दिले आणि काय घडलं ते समजावून सांगितलं. जसजसं कळत गेलं, तसतशा बाई खाली बसत गेल्या.

"म्हनजे माझ्याच हातानं..." त्यांनी पोरांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मला इतकं वाटलं की सांगावं, बाई, तुमच्यासारखी माया माझ्यावर कोणी केली नाही. तेवढ्यात बंडूजींनी नळी सोडली आणि एका काचेच्या बाटलीत माझं जुनं ऑइल काढलं. बाटली काळी झाली. ती त्यांनी बापूरावांच्या नाकासमोर धरली.

"तूप परवाचं हाय. हे काळं पानी कवाचं हाय? बदललं होतं कवा?"

"वरतून टाकत होतो ना मी," बापूराव पुटपुटले.

"वरतून टाकलं म्हनजे बदललं नाई बापूराव. नुसत्या तुपानं गाडी आखडली असती. पोट्टे नाल्यात जात होते ते या पान्यानं."

एकीने फार लाड केले, दुसऱ्याने ढुंकून पाहिलं नाही, आणि दोघं मिळून मला त्या उतारावर घेऊन आले होते. बाईंनी भावाकडे पाहिलं, भावाने बहिणीकडे. रागवायला कोणालाच जागा उरली नव्हती.

बंडूजींनी चारी चाकं खोलली. सगळे जुने वायसर काढून फेकले, नळ्या स्पिरिटने धुतल्या, नवे वायसर बसवले, नवं ऑइल भरलं. आता नळ्यांमधली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पॅडल दाबायचं, दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायची, की हवा आणि ऑइल नळीतून बाटलीत येतं. निपल आवळली की मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात.

पण दाबणार कोण? बापूरावांचा गुडघा कवठासारखा टम्म फुगला होता. कोकिळा पॅडलवर उभी राहून नाचली, तरी ते जेमतेम हललं. बंडूजींनी बाईंकडे पाहिलं. "चढा बाई वर."

"मी?" बाई दचकल्या. "ज्याले हळद लावली, ज्याच्या पाया पडली, त्याले लात मारू?"

"बैलाच्या खुरातला काटा काढता तवा त्याले दोरीनं पाडता का नाई? तवा पाप लागते का?"

बाई विचारात पडल्या. मग त्यांनी चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढल्या. पॅडलला हात लावून तो कपाळाला टेकवला. "हरणे, माफ करजो," म्हणाल्या आणि अनवाणी पाय ठेवला.

आधी सगळ्यात लांबचं, मागचं डावं चाक. बंडूजी खालून ओरडले, "दाबा!" बाईंनी दाबलं. "धरा!" बाटलीत बुडबुड बुडबुड बुडबुडे आले. पोरं बाटलीभोवती उकिडवी बसली होती, ती किंचाळली, "आला! आला!" काय झालं म्हणून बाई वाकून बघायला गेल्या आणि पाय सुटला.

"बाई! मी सोडा म्हनलो का?"

पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी आता डोळे मिटून घेतले. दाबा, धरा, सोडा. दाबा, धरा, सोडा. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अवो बंडूजी, हे तं दूध काढ्यासारखं हाय! आधीच मूठ सोडली तं धार तुटते." त्यानंतर त्यांचा पाय एकदाही चुकला नाही. मला माझ्या नळ्यांतून ताजं ऑइल सरकताना जाणवत होतं. बाटलीत आधी पिवळट, मग फेसाळ, मग स्वच्छ धार येऊ लागली. बुडबुडा आला की पोरं त्याला नावं ठेवायची. शेवटचा इवलासा बुडबुडा गेला तेव्हा त्यांनी त्याला टाटा केला.

बंडूजी रंगात आले होते. कोणत्या साहेबाची गाडी आपण कशी वाचवली, ते सांगता सांगता ते तिसऱ्या चाकावर पोचले. तोच वरून बाईंचा आवाज आला, "बंडूजी, हे वरची बुधली तं रिकामी होऊन राह्यली. चालते का तसं?"

बंडूजींनी जीभ चावली. बुधली रिकामी झाली असती तर वरून हवा शिरली असती आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं असतं. त्यांनी ऑइलचा डबा उचलला, मग थांबले आणि तो बाईंपुढे धरला.

"तुमीच घाला."

"नाई बाप्पा," बाईंनी हात मागे घेतले. "या हातानं आता कायी नाई घालत मी."

"त्याच हातानं घाला. बुधलीवर नजर तुमचीच होती, माझी नाई."

बाईंनी डबा घेतला. त्यांनी हळूहळू, थेंबही न सांडता, खुणेपर्यंत ऑइल ओतलं. मित्रांनो, मला तहान खरंच लागली होती. त्या वेळी ती भागली.

काम झालं तेव्हा उन्हं कलली होती. पोरं चढायला धावली, पण बाईंनी दोन्ही हात आडवे धरले. "आधी मी. ब्रेक लागला तं पोट्टे चढतीन." बंडूजी गाडीवर, बाई शेजारी, असे आम्ही त्या नाल्याच्या उतारावर गेलो. बाईंनी समोरचा दांडा गच्च धरून ठेवला होता. मी वेगात आले, बंडूजींनी पाय ठेवला, आणि मी थांबले. इतकी सरळ, इतकी नेमकी, की माझ्या माळेतलं झेंडूचं फूलसुद्धा पडलं नाही.

बापूरावांचा गुडघा दुखत होता म्हणून बंडूजींनीच आम्हाला वर्ध्याला नेलं. बापूराव मागे पोरांत बसले, तोंड अजून लहानच. भंगाराचा शब्द त्यांनी मागे घेतला नव्हता. मैदानाच्या रस्त्याला लागलो तर दोन्ही बाजूंना सजवलेले नंदी, फुगे, पिपाण्या, चिल्लीपिल्ली. आम्ही हळूच जात होतो. तेवढ्यात गर्दीतून एक चाकांचा नंदी घरंगळत माझ्यासमोर आला, आणि त्याच्यामागे, दोरी धरायला हात पुढे केलेलं, धड चालताही न येणारं एक बाळ.

बंडूजींचा पाय पडला. ऑइल नळ्यांतून धावलं, चारी चाकांना एकदमच मिठी बसली, आणि मी थांबले. बाळ माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर होतं. त्याने नंदीची दोरी पकडली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या गेरूच्या शिंगांना हसलं आणि नंदी ओढत आईकडे निघून गेलं. त्याला काहीच कळलं नाही. आईलाही नाही. कोणी टाळी वाजवली नाही.

मनकर्णाबाईंनी मात्र पॅडलकडे पाहिलं आणि त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. बापूराव लंगडत खाली उतरले. माझ्यासमोर येऊन त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

"हरणी कुठी नाई जात," ते म्हणाले. "गोठ्यातच राहीन."

तान्हा पोळा झाला, खाऊ वाटला, कोकिळेच्या नंदीला बक्षीस मिळालं नाही, कारण त्याला मुरूम आणि ग्रीस लागून तो वळूपेक्षा रेडाच दिसत होता. तिला त्याची पर्वा नव्हती. येताना सगळी पोरं दाबा, धरा, सोडा असं ओरडत आली आणि गावात पोचेपर्यंत ते गाणंच होऊन गेलं.

पुढच्या वर्षापासून पिंपळझरीत एक नवी रीत पडली. खांदशेकणीच्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाले की बंडूजी येतात. माझं वर्षाचं जुनं ऑइल बाटलीत काढतात, नवं भरतात, आणि पॅडलवर बसतात मनकर्णाबाई. हल्ली शेजारच्या गावांतल्या गाड्या आणि ट्रॅक्टरही रांग लावतात. बाईंचं वय झालं, पाय दुखतात, पण त्या दिवशी त्या दुसऱ्या कोणाला चढू देत नाहीत. कोकिळा कॉलेजात गेली, तरी खाली बाटली धरायला येतेच.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी मुकं असेल. सायकल असेल, बैल असेल, एखादं झाड असेल, किंवा आपलं दुखणं सांगता न येणारं माणूस असेल. त्याच्यावर मनकर्णाबाईंसारखी भरभरून माया करा. फक्त वाटी पालथी करण्याआधी, त्याला काय चालतं ते जाणत्याला विचारून घ्या. आणि नुसतं बाहेरून पुसून पुढे जाऊ नका. वर्षातून एकदा तरी झाकण उघडून आत बघा. आम्हाला तेवढं पुरतं. मग रस्त्यात तुमच्यासमोर कोणाचंही बाळ येऊ द्या, आम्ही थांबू.